जवसाची लाईन

मला पाहायला मंडळी आली की बाबांना इंग्रजी सुचायचं. सिंदीच्या शाळेत त्यांनी जन्मभर तेच शिकवलं होतं. शब्दाचं मूळ खणल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पोहे उतरत नसत. आधीची दोन स्थळं त्यांचं ऐकून "कळवतो" म्हणत उठली होती. या "कळवतो"चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

तिसरा मुलगा सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला होता. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, पण चिवडा मात्र पुन्हा मागून घेतला. मला तो आवडला, फारच आवडला. बाबांनी तोंड उघडू नये म्हणून आईने सकाळीच त्यांना शपथ घातली होती.

आणि लाईन गेली.

"तुमच्याकडेही अशीच जाते का जी लाईन?" अंधारात मुलाच्या आईने विचारलं.

झालं, शपथ हवेत विरली. "लाईन कुठून आली माईत हाय का तुमाले? जवसातून!" बाबा सुरू झाले. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. त्याच्या काडीचा धागा ताणून सरळ रेघ आखायची, म्हणून रेघेला लाईन. मग रेल्वेची लाईन, रेशनची लाईन, विजेची लाईन, सगळं गणगोत त्याच जवसाचं. मी आत कपाळावर हात मारून घेतला.

मुलाची आई तळेगावकडची शेतकरीण. "उमर गेली जवस पेरण्यात," ती म्हणाली. "तेल काढलं, चटणी कुटली, काडी चुलीत घातली. धागा काई दिसला नाई."

"काडी पाण्यात कुजवा लागते."

"मंग कुजवा. आमी पाहाले येतो."

त्यांच्या शेतातल्या जवसाच्या काड्यांची पेंढी एसटीच्या ड्रायव्हरजवळही देता आली असती. ती घेऊन मुलगा स्वतः आला, आणि या खेपेला त्याने मान वर केली.

पेंढी बादलीत भिजत पडली. असा वास सुटला की शेजारीण विचारून गेली, "काऊन जी, घरात उंदीर मेला का?" नाक दाबून मी रोज पाणी बदलायची. कुणासाठी, ते बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मंडळी आली. बाबांनी वाळवलेल्या काड्या दगडावर ठेचल्या, आईच्या फणीने विंचरल्या, आणि खरोखर वीतभर धागा निघाला. तो त्यांनी ऐटीत ताणला. तुटला. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा सगळा राग गेला आणि डोळे भरून आले.

मुलाच्या आईने दोन्ही तुकडे उचलले, निरखले आणि पदराच्या गाठीत बांधले.

"कच्चा हाय मास्तर, पण हाय. अन् हा वास जे पोरगी सोसते, ते माह्या घरी नांदन. आता कुंकू घेऊनच येतो."

"कुंकू या शब्दाचं मूळ..." बाबांनी तोंड उघडलं, आणि आईने त्यात मूठभर साखर कोंबली.