नॉर्मन थ्रेलफॉलची एकेचाळीस माणसं

ओकरशॉ टाउनच्या मैदानाखाली एकेचाळीस माणसं आहेत आणि कोण कुठे आहे ते एकट्या नॉर्मन थ्रेलफॉलला ठाऊक आहे, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. म्हणायला काय जातं? खणून कुणी पाहिलं नव्हतं.

आमचा क्लब १८९१ सालचा. डायर्स लेनच्या रंगकारखान्यात जांभळ्या रंगाचा एक घाणा बिघडला, कापड पार वांग्याच्या रंगाचं निघालं आणि गिऱ्हाईक ते घेईना. कामगारांनी त्याच कापडाचे सदरे शिवले आणि संघ उभा केला. तेव्हापासून आम्ही वांगी. आमचे खेळाडू दिवसा पत्रं वाटतात, छपरं शाकारतात आणि शनिवारी खेळतात. या देशात फुटबॉलच्या पायऱ्या किती आहेत ते देव जाणे. आमची पायरी खालून मोजलेली बरी. पण तिच्यासाठी जीव टाकणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत, आणि जीव गेल्यावरही त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नसतं.

नॉर्मन १९८१ साली मैदान राखायला आला. कारखाना बंद पडला होता, हात रिकामे होते. दोन वर्षांनी ॲम्ब्रोज हेगन वारला. हा आमचा डाव्या बगलेचा जुना खेळाडू. १९५७ साली आम्ही जन्मात एकदाच मोठ्या चषकाच्या पहिल्या फेरीत पोचलो, वरच्या दर्जाचा एक बडा संघ आमच्या चिखलात खेळायला आला, आणि ॲम्ब्रोजनं त्यांच्यावर गोल चढवून सामना बरोबरीत सोडवला. परतीच्या सामन्यात त्यांनी आम्हाला सहा गोल घातले, पण त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. तर ॲम्ब्रोजची शेवटची इच्छा अशी, की ज्या जागेवरून मी तो गोल मारला तिथेच माझी राख पुरा.

नॉर्मनला तेव्हा काय कळत होतं! त्यानं गवताचा चौकोन उचलला, खाली राखेचा डबा उपडा केला, गवत परत ठेवलं. नुसती राख गवत जाळते. ऑगस्टपर्यंत तिथे ताटाएवढा पांढुरका डाग पडला. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात पावसानं पेनल्टीची चुन्याची खूण धुऊन नेली आणि पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. पंचानं इकडेतिकडे पाहिलं, तो डाग दिसला, आणि चेंडू नेऊन ठेवला थेट ॲम्ब्रोजच्या डोक्यावर. खऱ्या खुणेपेक्षा तो चांगला दोन पावलं पुढे. इतक्या जवळून मारूनही पाहुण्यांच्या गड्याचा चेंडू आडव्या दांडीवरून जो गेला तो पलीकडच्या कालव्यात. ॲम्ब्रोजनं खालून ढकलला, असं गाव अजून म्हणतं. नॉर्मननं मात्र कपाळाला हात लावला. दुसऱ्याच दिवशी त्यानं राख वर काढली, मातीत आणि समुद्रकाठच्या पांढऱ्या वाळूत कालवली, आणि हातभर खोल पुन्हा पुरली. पुढे हीच रीत पडली. मोसम संपला की मे महिन्यात, हातभर खोल, पांढऱ्या वाळूत. वर खूण काही नाही. खेळायच्या मैदानात खूण करता येत नाही.

कागदावरही काही नाही. कागदावर आलं की परवानगी आली, आणि परवानगी मागितली की नकार आला. नॉर्मन फक्त कोपऱ्यातल्या झेंड्यापासून पावलं मोजायचा आणि लक्षात ठेवायचा. घरच्यांना एकच सांगायचा, की मी आहे तोवर तुमच्या माणसाला इथून कुणी हलवणार नाही. शब्दाचा तो पक्का होता. छत्तीस वर्षं त्यानं हा शब्द पाळला.

मग २०१९ साली त्यालाच तो मोडायची पाळी आली.

झालं असं, की त्या हिवाळ्यात मैदानात पाणी साचून घरचे अकरा सामने रद्द झाले. लीगवाल्यांनी सरळ सांगितलं, मैदान सुधारा नाहीतर पुढच्या वर्षी येऊ नका. समितीनं बनावट गवताचं मैदान घालायचं ठरवलं. त्यासाठी जुनी माती कमरेइतकी उकरून ट्रकनं न्यायची होती. कुठे न्यायची, ते कुणी विचारलं नाही. मतदानाला नॉर्मननंही हात वर केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, हात वर करून खाली घ्यायलाच विसरला. शेवटी शेजारच्यानं तो धरून खाली आणला.

क्लबची चिटणीस गेनॉर चाळिशीची, शाळेत शिकवणारी, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. मतदान झाल्यावर ती त्याच्याकडे गेली.

"नॉर्मन, सोमवारी यंत्र येतंय. तुमच्याकडे एखादा नकाशा, वही, काही आहे का?"

"डोक्यात आहे."

"एकेचाळीस जागा? छत्तीस वर्षांच्या?"

"तू घरच्यांना बोलाव," नॉर्मन म्हणाला. "शनिवारी सगळ्यांना वर काढतो. वरच्या गोलामागचा उतार कुणी उकरणार नाहीये. तिथे नेऊ."

गेनॉरनं आठवडाभर फोन केले. शनिवारी सकाळी सव्वाशे माणसं आली. राख न्यायला कुणी बिस्किटांचा डबा आणला होता, कुणी मुरंब्याची बरणी, एकीनं तर चक्क चहाची किटली. सगळ्यांत पुढे मॅव्हिस, ॲम्ब्रोजची लेक, साठीची, बापासारखीच उंच आणि बापासारखीच तापट. तिच्या आईला नॉर्मननं शब्द दिला होता तेव्हा ती शेजारीच उभी होती, आणि हे ती सकाळपासून भेटेल त्याला ऐकवत होती.

सुरुवात ॲम्ब्रोजपासूनच करायची होती. नॉर्मन कालव्याच्या बाजूच्या कोपऱ्यावर गेला, झेंड्याला पाठ लावली आणि गोलरेषेवरून चालू लागला. एकतीस पावलं. मग आत वळून नऊ. थांबला, फावड्यानं गवताचा चौकोन कापला, उचलला, खणू लागला. माती काळीभोर निघाली. हातभर झालं, काळीच. त्यानं डावीकडे खणलं, उजवीकडे खणलं. काळीच.

सव्वाशे माणसं वाकून खड्ड्यात पाहत होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, की म्हाताऱ्याच्या लक्षात कशाला राहतंय, आपण उगाच भाबडेपणानं आलो. नॉर्मनच्या कानावर ते गेलं. छत्तीस वर्षं त्याच्या डोक्यात होते ते आकडेच होते. आकडे जागच्या जागी होते आणि माणूस नव्हता. एक चुकला तर सगळेच चुकले. मग सोमवारी एकेचाळीस माणसं ट्रकमध्ये पडून कुठल्याशा खड्ड्यात भर म्हणून जाणार आणि ती घालवणारा आपण, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तो खड्ड्याच्या काठावर बसला.

"माझ्या बाबांना हरवलंत तुम्ही," मॅव्हिस म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

नॉर्मननं फावड्याची माती बोटांनी पुसली.

"आयुष्यभर एकच गोष्ट सांगायचे ते," ती म्हणाली. "गोल मारला आणि धावत सुटलो, थांबताच येईना, तीन पावलांत कालव्याच्या भिंतीवर जाऊन आदळलो. नाक फुटलं होतं त्यांचं. आणि तुम्हाला त्यांची जागासुद्धा आठवत नाही."

नॉर्मननं मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं. मग गोलाकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे.

"तीन पावलांत?"

"तीन."

तो उठला आणि गोलरेषेपासून भिंतीपर्यंत चालत गेला. सात पावलं भरली. तिथेच भिंतीला हात टेकून तो उभा राहिला आणि स्वतःशीच हसला. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं.

"गाढव आहे मी," तो म्हणाला. "शहाण्णव साली मीच सरकवलं की मैदान."

मैदान राखणाऱ्यांची ही जुनीच युक्ती. गोलासमोरची जमीन खेळून खेळून परातीसारखी खोल होते, तिथे गवत म्हणून धरत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात गोल, झेंडे, रेषा सगळंच चार पावलं सरकवायचं आणि झिजलेल्या जमिनीला विश्रांती द्यायची. नॉर्मननं एकट्यानं महिनाभर खपून ते केलं होतं. नव्या रेषा इतक्या वर्षांत इतक्या अंगवळणी पडल्या, की मैदान कधी दुसरीकडे होतं हेच तो विसरला. पुरलेली माणसं काही त्याच्याबरोबर सरकली नव्हती.

तो कोपऱ्यावर परत गेला. झेंडा उपटला, भिंतीच्या दिशेनं चार पावलं जाऊन रोवला आणि तिथून मोजायला लागला. एकतीस. आत नऊ. या वेळी फावडं त्यानं मॅव्हिसच्या हातात दिलं. तिनं चौकोन उचलला, टाच देऊन फावडं खाली दाबलं, माती उलथली.

पांढरी वाळू.

काळ्या मातीत मुठीएवढा पांढरा थर, जसा ठेवला तसा, छत्तीस वर्षांचा. मॅव्हिस फावडं टाकून खाली बसली. पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. एकानं काढली आणि सगळ्यांनी काढल्या.

त्यानंतर जे झालं ते आम्ही जन्मात विसरणार नाही. नॉर्मन नाव घ्यायचा, साल सांगायचा, तीच जागा का ते सांगायचा, पावलं मोजायचा, आणि फावड्याखाली पांढरी वाळू निघायची. शहाण्णवच्या आधीचे चौदा जुन्या झेंड्यापासून, नंतरचे नव्या. वॉल्टर ग्रिमशॉ, टपालवाला, सत्त्याऐंशी. चौसष्टच्या बर्फात इथे उभं राहून त्यानं डोक्यानं गोल केला होता. वाळू. एल्सी टॅटरसॉल, जखमी खेळाडूंना पट्ट्या बांधायची, ब्याण्णव. बाजूच्या रेषेवर इथेच खुर्ची टाकून बसायची. वाळू. हॉरेस पिकल्स, दोन हजार चार. तीस वर्षं पंचाला शिव्या घातल्या, म्हणून मुद्दाम मधल्या वर्तुळात, पंचाच्या पायाखाली. लोक हसले, आणि वाळू निघाल्यावर हसता हसता गप्प झाले. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. त्याचा एकही आकडा चुकला नाही. आमच्या क्लबचा म्हणून जो काही इतिहास आहे तो त्या दिवशी आम्ही जमिनीतून एकेक हात वर येताना पाहिला. तो सगळा इतकी वर्षं आमच्या बुटांखाली होता, आणि सांभाळत होता तो हा एक माणूस, ज्याला आम्ही दर शनिवारी गवत फार वाढलंय म्हणून टोमणे मारायचो. खरं सांगायचं तर लाज वाटली.

तीन वाजेपर्यंत चाळीस झाले. लोक आपापले डबे छातीशी धरून उताराकडे जायला लागले. गेनॉरनं बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, एकेचाळिसावं कोण?

चहाच्या टपरीसमोर, बाजूच्या रेषेच्या थोडं आत, नॉर्मन जाऊन उभा राहिला. पावलं मोजली नाहीत.

मग आमच्या लक्षात आलं. बेरिल. त्याची बायको. तीस वर्षं ती त्या टपरीत चहा आणि खिम्याचे पॅटिस विकायची आणि क्लबचा एकही सामना तिनं पुरा पाहिला नाही. खिडकीतून दिसायचा तेवढाच मैदानाचा तुकडा तिचा. चेंडू त्या तुकड्यात आला की ओरडायची, गेला की पुन्हा किटलीकडे वळायची. दोन हजार अकराला ती गेली, तेव्हा नॉर्मननं तिला त्याच तुकड्यात ठेवलं. शब्द त्यानं तिलाही दिला असणार. त्या वेळी तिथे तिसरं कुणी नव्हतं.

त्यानं फावडं उचललं आणि टेकवलं. पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं. दिवसभर चाळीस माणसांना वर काढणाऱ्या माणसाला गवत कापवेना. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत राहिलो. काय करणार होतो?

मॅव्हिस मात्र पुढे झाली. बापाचा डबा तिनं गेनॉरकडे दिला.

"मी करू का?"

"नको गं पोरी," नॉर्मन म्हणाला. "अनोळखी हात लागला तर दचकेल ती."

तो गुडघ्यांवर बसला. फावडं बाजूला ठेवून खिशातल्या सुरीनं त्यानं गवताचा चौकोन हळूहळू कापला आणि उचलला. मग खाली वाकून, शेजारी झोपलेल्या माणसाला उठवावं तितक्या हलक्या आवाजात बोलला.

"बेरिल, ऊठ. थोडं सरकायचंय फक्त. मी आहे बरोबर."

मॅव्हिस त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसली आणि तो देईल ती मूठ मूठ वाळू ओंजळीत घेऊन डब्यात ठेवू लागली.