पुढच्या सीटवरचे काकाजी

आमच्या अंजनगावात कुणाच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स थांबली, की काकाजी रुग्णाच्या आधी तिच्यात चढायचे. पुढच्या सीटवर बसायचे, काच खाली करायचे, कोपर बाहेर काढायचे आणि फोन कानाला लावून ड्रायव्हरला सांगायचे, "घे तिकडं. आपली ओयख हाये."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. पंचायत समितीतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, आणि जगातला प्रत्येक डॉक्टर ज्याच्या साडूचा नाहीतर विहिणीचा कोणीतरी लागतो असा. ओळख कुठं आहे एवढंच ते पाहायचे; आजार कोणता, हा प्रश्न काकाजींना कधी पडलाच नाही. शेजारच्या पोरानं नाकात हरभरा घातला, तेव्हा त्यांनी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं.

"काकाजी, मी डोळे तपासतो," डॉक्टरांनी हात जोडले.

"मंग नाक काय लय दूर हाये का?"

हा किस्सा आम्ही चवीनं सांगायचो. आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच हाक मारायचो.

मग माझ्या मुलीला झटके आले. बालवाडीत होती. गाडीसोबतच्या डॉक्टरबाईंनी सुई लावली, एक फोन केला आणि म्हणाल्या, "अमरावतीला नेऊ. तिथं लहान मुलांचा अतिदक्षता विभाग आहे, खाट रिकामी ठेवायला सांगितलीय."

काकाजी पुढून वळले. "बाई, तुमाले इथलं काय ठाऊक? मास्तर, अकोल्याले घेऊ. तिथं आपल्याले कोणी बसवून नाही ठेवत."

दर्यापूरला अमरावतीचा आणि अकोल्याचा रस्ता फुटतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाप मी होतो. मी म्हणालो, "अकोला."

खरंच बसवून ठेवलं नाही. सरळ केबिनमध्ये नेलं, चहा आला. डॉक्टर हाडांचे होते. मुलांचा डॉक्टर त्या इमारतीत नव्हताच. चहावर साय धरली तेव्हा मुलीला पुन्हा झटका आला, आणि धावपळ करून तिला दुसरीकडे हलवलं.

मुलगी वाचली. डावा हात मात्र अजून दप्तराचा बंद नीट धरत नाही. उशिरामुळेच तसं झालं, असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही. रोज सकाळी ते दप्तर तिच्या खांद्यावर चढवताना मला कोणी सांगायची गरजही नसते.

"पाहालं ना मास्तर, मान कसा देल्ला!" परतताना काकाजी म्हणाले होते. मी आभार मानले होते.

पुढं त्यांच्याच नातवाला धाप लागली. गल्ली जमली. पुढची सीट रिकामी राहिली. काकाजी मागे चढले, पोराची एक चप्पल छातीशी धरून. ड्रायव्हरनं सवयीनं विचारलं, "काकाजी, कुठं हाये ओयख?"

"ओयख गेली चुलीत! बाईले समजते. त्या सांगतीन तिथं ने."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. लेकरू आपलं असलं की ठाऊक असतं. मग माझं लेकरू कुणाचं होतं? हा प्रश्न त्यांना विचारायचा की स्वतःला, हे मला कधी ठरवता आलं नाही. आता काकाजीच नाहीत. नातू ठणठणीत आहे, गल्लीत क्रिकेट खेळतो.

परवा समोरच्या घरी गाडी आली. तापानं फणफणलेलं पोर आत ठेवलं आणि त्याचा बाप मला म्हणाला, "मास्तर, तुमी बसा समोर. तुमची असन ना कुठं ओयख?"

खोटं कशाला सांगू, माझा पाय उचलला गेला होता. माझे दोन विद्यार्थी डॉक्टर झाले आहेत.

मी पुढचं दार बाहेरून लावून घेतलं. "बाईंना समजतं," ड्रायव्हरला म्हणालो. "त्या सांगतील तिथं ने."

काकाजींकडून घेण्यासारखं एवढं एकच वाक्य होतं. तेही त्यांनी स्वतःच्या नातवासाठी राखून ठेवलं होतं.