इकडून तिकडे गेलेली माणसं

मयताच्या घरी गाणी म्हणणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. कारण साधं आहे. पुण्याचा मुलगा, सुरतेची बहीण, कुठलातरी रुसलेला भाऊ, ही सगळी आल्याशिवाय मयत उचलत नाहीत, आणि तोवर आम्ही भजनी मंडळवाले मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसून असतो. एखादं गाणं म्हणायचं, चहा घ्यायचा, पुन्हा वाट बघायची. मग हळू आवाजात बोलणं सुरू होतं. माणसं लग्नात बोलत नाहीत इतकं खरं तिथं बोलतात.

आमचं मंडळ नेवासा तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजारापासून फार लांब नाही. गावात दोन चर्च. एक मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं, आणि एक रोमन, म्हणजे कॅथलिकांचं. मंडळ मात्र एकच, कारण सूर धरणारी माणसं मुळातच थोडी. मी हार्मोनियम वाजवते, शांतवनभाऊ ढोलकी. याकोबदादा आणि बन्यामिनमामा गातात. शांतवनभाऊंच्या बायको रूथवहिनी झांज धरायच्या.

मी जन्मानं रोमन आणि लग्नानं मिशनची. त्यामुळे कुणाच्या मनात इकडून तिकडे जायचं आलं की तो आधी माझ्याकडे येतो. मी जणू एसटीच्या चौकशी खिडकीतच बसलेय! नगरहून एक प्राध्यापक आले होते, ते विचारत होते, "तुमच्याकडे लोक पंथ बदलतात ते पोपच्या प्रश्नावरून, की मरियेच्या?" मी म्हटलं, सर, चहा घ्या. पोपवरून बदललेला एकही माणूस मला आमच्या पंचक्रोशीत दाखवता आला नसता.

गेली दोन वर्षं मात्र हा विषय निघाला की आम्ही आधी शांतवनभाऊ जवळ नाहीत ना ते बघतो. ते मिशनचे पंच आहेत, आणि त्यांचा मुलगा अनुग्रह गेल्यानंतर रूथवहिनी रोमन झाल्या. ती गोष्ट मला सांगायचीच आहे. पण आधी बाकीच्यांच्या सांगते. माणसं किती लहान कारणांनी बदलतात हे कळलं, की वहिनींचं कारण केवढं होतं ते आपोआप कळेल.

*

माझ्यापासूनच सुरुवात करते. माझं लग्न मिशनच्या चर्चमध्ये लागलं. वडिलांनी मन घट्ट केलं होतं, आईनं नाही. ती बाकावर बसली आणि गुडघे टेकायची फळी शोधू लागली. मिशनच्या बाकांना ती नसते. मग तिनं सरळ खाली फरशीवर गुडघे टेकले, नव्या लुगड्यानिशी. पाळकसाहेबांनी वचन सुरू केलं तरी ती उठेना.

निघताना मला जवळ घेऊन म्हणाली, "चर्च चांगलं हाय गं. माणसंबी चांगली हायेत. पर तिथं मरियामाय न्हाई. सासरी तुला काय झालं तर बाईमाणसाचं ऐकणारं कोन?"

मला तेव्हा हसू आलं होतं. पहिलं बाळंतपण अवघड झालं तेव्हा आलं नाही. त्या दिवशी मी कुणाला हाक मारली ते पाळकसाहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.

*

रोमन लोकांत उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, लग्न लावत नाहीत. याकोबदादांचा पुतण्या फौजेत, आणि त्याला सुट्टी मिळाली ती नेमकी उपवासकाळात. फादर म्हणाले, ईस्टर होऊ द्या. फौज म्हणाली, तेव्हा नाही. मुलीकडच्यांनी मांडववाल्याला सांगून ठेवलेलं.

सगळं घर आठवड्याभरात मिशनचं झालं. पाळकसाहेबांनी लग्न लावलं, जेवणं झाली, पुतण्या सीमेवर गेला. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी बघते तर सगळं घर परत रोमन चर्चच्या दारात, हातात झावळ्या घेऊन! फादरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "लग्नाचे लाडू आणलेत का?"

*

याकोबदादा स्वतः मात्र त्या वेळी जे मिशनमध्ये आले ते परत गेलेच नाहीत. त्यांना तिथं एक गोष्ट सापडली. रोमन चर्चमध्ये प्रार्थना छापलेली असते, ती सगळ्यांनी मिळून म्हणायची. मिशनमध्ये पाळक विचारतात, "कुणी प्रार्थना करील का?" आणि माणूस उभा राहून मनातलं बोलू शकतो. दादांना साठ वर्षांत कुणी असं विचारलंच नव्हतं.

ते उभे राहिले की बसायचे नाहीत. पाऊस, ऊस, कारखान्याचे चेअरमन, शेजाऱ्याची गाय, सगळ्यांसाठी प्रार्थना. लेकरं झोपायची. एकदा पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, तुम्ही मूळचे रोमनच ना? तिकडची आठवण नाही का येत?"

दादा म्हणाले, "येती की. तिकडच्या लोकांसाठी बी करतो ना प्रार्थना. उद्यापास्नं वाढवतो."

हे ऐकून आम्ही हसतो. पण दादांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं की घरात हा माणूस दिवसभरात चार शब्द बोलत नाही. तिला त्यांच्या मनातलं सगळं रविवारी चर्चमध्येच कळतं. तिनं ते फार सहज सांगितलं, मलाच वाईट वाटत राहिलं.

*

बन्यामिनमामांचा प्रवास उलटा. ते पिढीजात मिशनचे. म्हातारपणी रोमन झाले, ते पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरांपुढे आपलं पाप बोलून दाखवायला. त्यांच्या मनात तरुणपणातलं काहीतरी होतं. काय, ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मिशनमध्ये सांगतात, देवाला थेट सांगा. मामा म्हणायचे, "देवाला ठाऊकच हाय. मला मानसाला सांगायचंय, आन् त्या मानसानं ते कुनाला सांगू नये."

त्यांना वाटलं होतं, रोमन व्हायचं म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा. नवा सदरा शिवला, डोक्यावर पाणी घ्यायचं म्हणून केस कापून आले. फादर म्हणाले, "मामा, तुमचा मिशनचा बाप्तिस्मा आम्हाला मान्य आहे. तो एकदाच होतो." मामांचा चेहरा पडला. नव्या सदऱ्यासकट घरी आले.

पुढे त्यांचं पहिलं पापनिवेदन झालं. फादरांनी ऐकून घेतलं, क्षमा दिली, आणि प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या. मामा बाहेर आले ते रागानं लाल. "जलमभर उरावर वागवलं, आन् एवढ्यात मिटलं?"

पण ते दर शनिवारी जातात. तेच पाप पुन्हा सांगतात. फादर म्हणतात, मामा, ते माफ झालं. मामा म्हणतात, "व्हय, ठाऊक हाय. तरी ऐका." आणि फादर ऐकतात. त्या तरुण फादरांबद्दल मला फार आदर वाटतो तो यासाठी.

*

आता वहिनींची गोष्ट.

अनुग्रह त्यांचा एकुलता एक. हसरा, गळ्यानं गोड, आणि कारखान्यावर नोकरीला लागल्यावर पिणारा. मिशनमध्ये असा नेम आहे की प्रभुभोजनाच्या रविवारी कुणाला भाकर आणि द्राक्षरस द्यायचा नाही, हे पंच ठरवतात. तेव्हा शांतवनभाऊ पंचांचे प्रमुख. त्यांनी आपल्या मुलाला सगळ्या मंडळीसमोर ओळीतून उठवलं. म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराला जो नेम, तोच माझ्या पोराला."

लोकांनी वाहवा केली. मीही केली. अनुग्रह टोपी हातात घेऊन बाहेर गेला, तो पुन्हा कधी चर्चमध्ये आला नाही. बापलेकांचं बोलणं बंद झालं. पुढच्या थंडीत हायवेला अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली.

आम्हीच गाणी म्हटली त्याच्या मयतीला. शांतवनभाऊंनी स्वतः ढोलकी वाजवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

चाळीस दिवसांनी वहिनींनी पाळकसाहेबांना विचारलं, "मी माज्या लेकरासाठी आता कोनती प्रार्थना करू?"

पाळकसाहेब भले माणूस आहेत, त्यांचेही डोळे भरले होते. पण ते शिकले होते तेच त्यांनी सांगितलं. "बाई, गेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नाही. तो देवाच्या हातात आहे. आपण तुमच्यासाठी प्रार्थना करू."

वहिनी म्हणाल्या, "माज्यासाठी नगं. मी हाय हितं. त्याला कोन हाय?"

रोमन लोकांत मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांचा जीव देवापाशी पोचावा म्हणून. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, त्यांचं नाव घेतात. वहिनी रोमन चर्चच्या फादरांकडे गेल्या. फादरांनी त्यांना लगेच घेतलं नाही. म्हणाले, घरी जा, मालकांशी बोला, वर्षभर थांबा. वहिनी वर्षभर थांबल्या आणि पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या.

शांतवनभाऊंनी अडवलं नाही. पण जेवण सुटलं त्यांचं. मला एकदाच बोलले, हार्मोनियमचा भाता मी दुरुस्त करत होते तेव्हा. "ती तिकडं जाती म्हंजे काय सांगती ठाऊक हाय का तुमाला, सुशीलाबाई? पोरगं अजून पोचलं न्हाई आसं सांगती. आन् ते न्हाई पोचलं तर त्याला दारातनं हाकललं कुनी?"

मी भात्याची फट पुन्हा चिकटवायला घेतली.

*

तेव्हापासून त्या घरात रविवारची रीत अशी. दोघं एकदमच निघतात. पाण्याच्या टाकीपाशी भाऊ डावीकडे वळतात, वहिनी उजवीकडे. मिस्सा लवकर सुटते, म्हणून स्वयंपाक वहिनींचा. पाळकसाहेब बाहेरगावी असले आणि भक्ती लवकर उरकली तर भाऊ भात टाकून ठेवतात. कोण कुठं काय म्हणून आलं, हे ताटावर कुणी काढत नाही.

शेजारीण वहिनींना म्हणाली, "एका घरात दोन देव कसे चालतात गं?" वहिनी म्हणाल्या, "देव येकच हाय. आमी दोगं येकमेकांशी बोलत न्हाई, येवढंच."

*

नोव्हेंबरच्या दोन तारखेला रोमन लोक आपल्या मृतांचा दिवस पाळतात. कबरी झाडून, चुना मारून, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. फादर एकेका कबरीपाशी थांबतात, पवित्र पाणी शिंपडतात आणि त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. त्या दिवशी आमचं मंडळ तिथं गातं.

आमच्याकडे दोन दफनभूमी शेजारी-शेजारी आहेत, मध्ये काटेरी तार. अनुग्रह मिशनच्या भागात आहे. तिथं शेळ्या शिरतात म्हणून फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली पंचांकडे, म्हणजे शांतवनभाऊंकडे. आदल्या वर्षी वहिनींनी तारेतून हात घालून मेणबत्ती ठेवली होती. वाऱ्यानं ती टिकली नाही.

यंदा त्यांनी फादरांना विचारलं, माझ्या पोराच्या कबरीवर याल का? फादर म्हणाले, "पंचांनी बोलावलं तर येईन. त्यांच्या जागेत मी आपणहून शिरणार नाही."

मी वहिनींना म्हटलं, मग मागा की किल्ली. त्या म्हणाल्या, "मी न्हाई मागनार. बाप हाय त्यो. त्यालाच ठरवू द्या."

म्हणून मीच सरावाच्या वेळी शांतवनभाऊंच्या कानावर घातलं. ते ढोलकीची दोरी ओढत होते. ओढतच राहिले. मग म्हणाले, "आज कोनतं गानं घ्यायचं?" मी विषय सोडला.

दोन तारखेला ते आमच्यात नव्हते. ढोलकीशिवायच गायलो. फादर एकेक कबर करत तारेच्या कडेला आले. याकोबदादांच्या आईची कबर झाली, ती शेवटची. पुढे तार. वहिनी पदर खोचून, हातात मेणबत्ती धरून उभ्या होत्या आणि तारेपलीकडे बघत होत्या. फादरांनी पुस्तक मिटलं नाही, पण आता काय करावं हे त्यांनाही कळेना. आमचं गाणं संपलं होतं. दुसरं कुणी सुरू केलं नाही.

तेव्हा पलीकडे कुलूप उघडल्याचा आवाज आला. शांतवनभाऊ आतूनच चालत आले, वाटेतली वाळकं गवत पायानं बाजूला करत. उपासनेला घालतात तो पांढरा सदरा अंगात होता. फाटक सताड उघडं होतं. ते तारेपाशी थांबले आणि फादरांना म्हणाले, "या."

सगळे वळसा घालून आत गेलो. मिशनचेही दोघंतिघं मागून आले. अनुग्रहची कबर स्वच्छ झाडलेली होती, वर झेंडूची फुलं. ती सकाळीच कुणीतरी ठेवली होती. वहिनींनी मेणबत्ती ठेवली आणि बसूनच राहिल्या. फादरांनी पाणी शिंपडलं, पुस्तक उघडलं, क्रॉसवरचं नाव वाचलं आणि मोठ्यानं म्हणायला लागले, "हे प्रभू, तुझा सेवक अनुग्रह शांतवन..."

शांतवनभाऊंनी त्यांच्या बाहीला हात लावला.

"फादर, नुसतं अनू म्हना. पूर्ण नाव घेतलं की त्याला वाटतं, बाप रागावलाय."