दोरी न बांधलेले शिल्प

श्री. केशवराव गावंडे गुरुजींची आणि माझी पहिली भेट अकोल्यात, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या बांधकामावर झाली. गुरुजी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवीत आणि सुटीच्या दिवशी विहारासाठी सिमेंटची बुद्धमूर्ती घडवायला येत. मी अमरावतीला स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होते. मूर्तीच्या वजनाला जोते पुरणार नाही असे माझ्या हिशेबात येत होते. ते मी वडिलांना सांगितले, वडिलांनी पंचांना सांगितले आणि पंच हसले. गुरुजींनी थापी खाली ठेवली, माझी वही मागून घेतली आणि पाने उलटून पाहिली.

"पोरीनं आकडे मांडले हायेत. तुमच्यापाशी काय हाये? नुसत्या मिशा!" ते पंचांना म्हणाले.

जोते रुंद झाले. त्या दिवसापासून ते मला 'इंजिनेरबाई' म्हणतात.

गुरुजींनी आयुष्यभर मागणीप्रमाणे पुतळे केले, पण त्यांचे खरे काम त्यांच्या घराच्या अंगणात चालत असे. लोखंडी जाळीवर सिमेंटचा थर, त्यावर दुसरा. साचा नाही, यंत्र नाही. तळव्याने आकार द्यायचा आणि वाळल्यावर दगडाने महिनोन्महिने घासायचा. त्या आकारांत माणूस दिसत नाही, देवही दिसत नाही. एकदा शेजारचे भाऊराव कुंपणाशी थांबून बराच वेळ पाहत राहिले.

"गुरुजी, हे हाये तरी काय?"

"तुमाले काय वाटते?"

"मले तं वांगं वाटते."

"मंग वांगं. पन दुरून काहून सांगता? हात लावून पाहा."

भाऊरावांनी एक हात लावला आणि मग दुसराही लावला. स्पर्शाचा हा आग्रह गुरुजींनी शाळेतही धरला होता. वर्गात ते आधी मुलांना डोळे मिटून दगड चाचपायला लावीत आणि मगच कागद देत. वरिष्ठांनी याबद्दल लेखी विचारणा केली, तेव्हा त्यांनी उत्तरासोबत एक दगड पाठवला होता.

दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, अमरावतीच्या एका सभागृहात त्यांच्या शिल्पांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्या दिवसाबद्दल मला लिहायचे आहे. अकरा शिल्पे होती. सर्वांत मोठे माणसाहून उंच आणि एका अंगाला खूप कललेले होते. अंगणात ते पाय खड्ड्यात पुरून उभे होते. सभागृहात त्याला लोखंडी बैठक लागणार होती आणि ती करवून घेण्याची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. गुरुजींनी पोस्टकार्डावर मापे कळवली. ती वितीत होती, कारण ते टेप वापरीत नाहीत. मी एक वीत म्हणजे नऊ इंच धरली, भार काढला, नकाशा केला आणि कारखान्यात दिला. शिल्प प्रत्यक्ष मोजायला मी अकोल्याला गेले नाही. कार्यालयात काम होते, हे कारण खरे आहे, पुरेसे नाही.

उद्घाटन दुपारी चारला होते. सकाळी ट्रक आला. आठ माणसांनी शिल्प बैठकीवर चढवले, बोल्ट आवळले आणि ती माणसे जेवायला गेली. मी समोर उभी राहिले आणि मला ते जास्त कललेले वाटले. मी टेप काढली. तीनदा मोजले. ओळंबा सोडला. भार बैठकीच्या कडेपासून चार इंच आत पडायला हवा होता. तो अर्ध्या इंचावर येत होता. शिल्प उभे होते, पण कोणी जोराने हात टेकला असता तर ते पडले असते. दोन शाळांची मुले पाचला येणार होती. दारावर गुरुजींनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'शिल्पांना हात लावावा.'

मी गुरुजींना बाजूला बोलावून सगळे सांगितले. त्यांनी माझ्या टेपवर आपला पंजा ताणून ठेवला. वीत साडेदहा इंच भरली. तो हात मी सात वर्षे पाहत होते.

"पडन?" त्यांनी विचारले.

"मुलांनी ढकललं तर पडेल. आज भोवती दोरी बांधू, गुरुजी. उद्या मोठी बैठक करून घेते."

"दोरी बांधाची तं मी हे केलं काहून? वरून किती तोडा लागन?"

मी पुन्हा हिशेब केला. "एकवीस इंच."

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तिथेच सतरंजी झटकीत होत्या. "चार महिने घासलं तुमी थे टोक! हातची सालं गेली! अन् आता तोडता?"

"तुया अंगावर पडलं तं चालन का?"

"माया अंगावर तुमचा सारा संसार पडला, मेली का मी?"

गुरुजी हसले, शिडीवर चढले आणि छिन्नी लावली. जाळी कापायला लोखंडाची करवत लागली. दोन तास ते एकटेच वर होते. मी खाली शिडी धरून होते आणि प्रत्येक ठोक्याला ओळंब्याकडे पाहत होते. तुटलेल्या कडा त्यांनी घासल्या नाहीत. तेवढा वेळ नव्हता.

पाहुण्यांनी भाषणात त्या 'अचानक थांबलेल्या माथ्या'ची फार प्रशंसा केली. मी खाली मान घालून ऐकले. गुरुजींनी चूक कुणाची हे तेव्हा सांगितले नाही, नंतरही नाही. गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या याच गौरवग्रंथात त्या माथ्याविषयी आणखी कुणी आदराने लिहिले असेल, म्हणून मला हे नोंदवणे भाग आहे. तो माथा माझ्या चुकीमुळे थांबला. संपूर्ण शिल्प आम्हा तिघांखेरीज फार थोड्यांनी पाहिले.

तोडल्याने शिल्प बिघडले का, हा प्रश्न मी दोन वर्षे विचारला नव्हता. उत्तराची भीती होती. हा लेख लिहिण्याची परवानगी मागायला मागच्या आठवड्यात अकोल्याला गेले, तेव्हा विचारला.

"बिघडलंच," ते म्हणाले. "लोक काईबी म्हनू दे. पन लेकरायनं हात लावला नं? चाळीस लेकरं लटकली होती त्याले. लिहा तुमी. पन कापलं मी, हे बी लिहा."

मी ते वहीत लिहून घेतले. ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पुन्हा करू नं, इंजिनेरबाई. साठच तं झाले."

गुरुजींना निरोगी शरीर आणि भरपूर वर्षे मिळोत, आणि साठ हा आकडा त्यांना जितका लहान वाटतो तितकाच तो ठरो, अशी मी मनापासून इच्छा करते.