तांब्याचा तिसरा खिळा

शाळेच्या चार कात्र्या पिशवीत घालून मी माळीवाड्याच्या बाजूला निघालो होतो. चित्रकलेच्या तासाला मुलं कात्रीनं कागद सोडून सगळं कापतात, त्यामुळे वर्षातून दोनदा ही फेरी ठरलेली. सुलेमानभाई शिकलगारांचं दुकान म्हणजे दोन फळ्या, धार लावायचं एक चाक आणि वर गोणपाटाचं छप्पर. त्या दिवशी चाकाची चामडी वादी उतरवलेली होती आणि चाक पोत्यात गुंडाळून दोरीनं बांधलं होतं. मला वाटलं, गावाला गेले असतील. शेजारी टोप्या शिवणारे गृहस्थ सुई तोंडात धरून माझ्याकडे बघत होते. सुई काढून म्हणाले, "तुमाला कळलं न्हाई व्हय मास्तर? सुलेमानभाई गेले की. आज पाच दिवस झाले." मला आधी रागच आला. पाच दिवस झाले आणि मला कुणी सांगू नये? मग लक्षात आलं, सांगणार कोण आणि का? जगाच्या हिशेबी मी त्यांचं एक गिऱ्हाईक होतो, वर्षातून दोनदा कात्र्या घेऊन येणारा. दर रविवारी सकाळी दोन तास त्या फळीवर बसून आम्ही काय करत होतो, ते आमच्या दोघांखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं… कात्र्या तशाच बोथट घेऊन मी घरी आलो.

आमची ओळख झाली ती पेन्सिलीच्या चाकूवरून. लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. चांगला चाकू बाजारात मिळेना, म्हणून जुन्यालाच धार लावून घ्यावी असं मनात आलं. सुलेमानभाईंनी चाकू उघडला, पातं उजेडात तिरपं धरलं आणि मान वर न करता विचारलं, "डावखुरे हाय का तुमी?" मी चपापलो. लहानपणी पंतोजींनी छड्या मारून माझा उजवा हात लिहिता केला होता. शाळेत कुणालाही ठाऊक नव्हतं, पण एकटा असलो की पेन्सिल मी डाव्या हातानंच तासत असे. "तुम्हांला कसं कळलं?" तर म्हणाले, "चाकूनं सांगितलं." पात्याच्या ज्या अंगाला चार माणसांच्या चाकूवर ओरखडे असतात, त्याच्या उलट्या अंगाला माझ्या चाकूवर होते. इतकी साधी गोष्ट! तो चाकू मी नऊ वर्षं वापरत होतो, मुलांना 'नीट निरखून बघा' असं रोज ओरडून सांगत होतो, आणि माझी स्वतःची चहाडी करणारे ओरखडे काही मला दिसले नव्हते.

दुसऱ्या खेपेला बसायच्या फळीखालून त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत तेल लावलेल्या फलाटीनच्या मऊ कापडाच्या तुकड्यांत सात चाकू गुंडाळलेले. हाडाच्या मुठीचा एक, कलमं बांधणाऱ्या माळ्याचा आकडेबाज पात्याचा एक, दोरीची गाठ उकलायला जाड सुया असलेला गोऱ्या सोल्जराचा एक, मोडक्या स्प्रिंगचे दोन… ज्या माणसाचं पोट बोथटाला धारदार करण्यावर चालतं, त्यानं त्यातल्या एकालाही धार लावलेली नव्हती. "विकायचेत का?" मी विचारलं. "न्हाई मास्तर. हे बगायचे." मला त्या क्षणी हा माणूस वेडा वाटला आणि पुढच्या क्षणी त्या वेडाची मला लागण झाली. मलाही असे चाकू जमवायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी अट घातली. सहा महिने काही घ्यायचं नाही. "घ्यायची घाई करनारा भंगारवाला व्हतो. आदी लोकांच्या हातात बगा. चाकू एकला काय सांगत न्हाई, हाताबरोबर बोलतो."

आणि त्यांच्याकडे चाकू द्यायचा-घ्यायचा कायदा होता. हातातून हातात कधी द्यायचा नाही, भांडण होतं. आपल्याकडे घरोघरी हे मानतात, पण सुरी हवी असली की घाईत कोण पाळतो? सुलेमानभाई कटाक्षानं पाळत. चाकू फळीवर ठेवायचा, आपला हात पुरता मागे घ्यायचा, मग समोरच्यानं उचलायचा. भांडणाचं मला ठाऊक नाही, पण त्या दोन क्षणांत चाकू कुणाचाच नसतो आणि डोळा आपोआप त्याच्यावर खिळतो, एवढं खरं.

लोकांच्या हातात बघायला आम्ही घोडेगावच्या बाजाराला जायचो. लोक तिथे बैल बघायला येतात, आम्ही कमरा आणि खिसे बघत हिंडायचो. एखाद्यानं दावं कापायला किंवा तंबाखू चिरायला चाकू काढला की सुलेमानभाई पुढे. "द्या इकडं पाव्हनं, फुकट धार लावून देतो." पिशवीतला कुरुंदाचा दगड निघायचा. दगडावर पातं फिरतंय तोवर ते हलकेच मला दाखवायचे. पोटात झिजलेलं पातं म्हणजे दोरखंडाचं काम, टोक झिजलं म्हणजे बैलाच्या खुरातले खडे काढणारा, पातं उघडायची नखाची खाच गुळगुळीत झाली म्हणजे काम नसताना उघडझाप करत बसणारा. एका दलालाला तर मी माझी नवी विद्या दाखवायला म्हणालो, "तुम्ही रिकामे फार बसता वाटतं." तो असा काही खवळला की सुलेमानभाईंनी मला दंडाला धरून उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे नेलं. तिथे मात्र ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "मास्तर, चाकू वाचायचा, मोट्यांदा न्हाई वाचायचा!"

ते कशाच्या शोधात आहेत, हे मला कळायला आणखी काही महिने लागले. कुठलाही चाकू हातात आला की ते पहिल्यांदा मुठीजवळ, पातं जिथे सुरू होतं तिथे, अंगठा फिरवत. विचारलं तेव्हा म्हणाले, "तीन टिंबं शोधतो." त्यांचे वडील भिंगारला छावणीजवळ राहायचे आणि तिथल्या साहेबांना शिकारीचे चाकू घडवून द्यायचे. बग्गीच्या जुन्या कमानीचं लोखंड, सांबरशिंगाची मूठ, आणि मुठीजवळ ठशानं मारलेली तीन बारीक टिंबं. साहेब बदलून गेले की चाकू त्यांच्याबरोबर जायचे. घरात एकही उरला नव्हता. "मला धार लावता येती. घडवायचं त्यांचं काम. ते त्यांच्यासंगं गेलं. आमच्या बाच्या हातचा एक चाकू मरायच्या आदी हातात घ्यायचा हाय, बास." हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. एका भंगारवाल्यानं तर भलत्याच चाकूवर ताजी तीन टिंबं ठोकून आणली होती. सुलेमानभाईंनी तो जेमतेम उलटापालटा केला आणि परत खाली ठेवला. इतक्या झटकन कसं कळलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

मी स्वतः फार चाकू जमवू शकलो नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "घरात भाजी चिरायची सुरी बोथट, आणि हे दुसऱ्यांचे चाकू बघत गावोगाव हिंडतात." म्हणून मी वही केली. दिसेल तो चाकू मापात काढायचा, जलरंगात रंगवायचा आणि खाली तीन ओळी: कुठे दिसला, कोणाचा, कारागीर कोण. तिसरी ओळ बहुतेक रिकामी राहायची. वही सुलेमानभाईंना फार आवडे. अक्षर वाचता येत नव्हतं, पण रंग बघून कुठला चाकू ते अचूक सांगत.

लढाई संपली आणि लष्कराचं नको असलेलं सामान ढिगानं बाहेर पडू लागलं. भिंगारच्या एका वखारीत पट्टे, पत्र्याचे मग, तंबूच्या मेखा यांच्या ढिगात मला एक सांबरशिंगाची मूठ दिसली. ओढून काढलं तर वीतभर पात्याचा शिकारी चाकू, गंजानं पार तांबडा झालेला. मी एकट्यानं शोधलेला पहिला चाकू! तो तसाच सुलेमानभाईंकडे न्यावा, ही अक्कल मला सुचायला हवी होती. गंज हा चाकूचा कागद आहे, तो फाडायचा नाही, रॉकेलचा बोळा लावून दिवसच्या दिवस थांबायचं, हे त्यांनी मला पन्नासदा सांगितलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी पाटावर हत्यारं मांडतात ती लखलखीतच हवीत. विळीपासून माझ्या कंपासपर्यंत सगळं घासूनपुसून ठेवायचं, हे लहानपणापासून हातांत भिनलेलं. शिवाय सुलेमानभाईंपुढे गंजकं लोखंड काय ठेवायचं, आरशासारखं पातं ठेवू, ही हौस. स्टेशनाजवळ एकानं नुकतंच विजेवरचं चाक बसवलं होतं. पाच मिनिटांत त्यानं चाकू असा करून दिला की त्यात मी माझ्या मिशा बघितल्या. पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दसऱ्याला सोनं द्यायला जाताना तो घेऊन गेलो.

चाकू फळीवर ठेवून मी हात मागे घेतला. सुलेमानभाईंनी तो लगेच उचलला नाही. बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग उचलून अंगठा मुठीजवळ नेला. तिथेच ठेवला. मी काय करून बसलो होतो ते मला त्या अंगठ्याकडे बघताना कळलं. त्या जागी गुळगुळीत, चकचकीत लोखंड होतं. गंजाखाली काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं.

"कुनी घासला?"

"मीच घासून घेतला. खंडेनवमी होती म्हणून…" मी चाकूकडे बोट केलं. "सुलेमानभाई, हा तुमच्या वडिलांचा होता का हो?"

त्यांनी चाकू उलटा केला, मूठ बघितली. चेहऱ्यावरून काही कळेना. "न्हाई मास्तर," ते म्हणाले, "आमच्या बाचा न्हाई हा. पन लई चांगला चाकू हाय. राहू द्या माझ्याकडं." आणि त्यांनी चहा सांगितला. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी मी तो चाकू समोर ठेवून वहीत काढला. त्यानंतरही दोनदा आडून आडून विचारलं, उत्तर तेच आलं. एक मात्र झालं. घोडेगावला जाणं हळूहळू बंद पडलं. पाय दुखतात म्हणायचे. मीही वय झालं असं समजून चाललो.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. बानूभाभींशी त्याआधी माझं कधी चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्यांनी तो बिस्किटाचा डबा आणून जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला. "मास्तरास्नी द्या म्हनले हुते." आठ चाकू होते. सांबरशिंगाचा तेवढा फलाटीनमध्ये नव्हता, पांढऱ्या मलमलीत होता. "ह्यो त्यांच्या बाचा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, भाभी, काहीतरी गैरसमज आहे, तो त्यांच्या वडिलांचा नाही, त्यांनीच मला सांगितलं होतं. भाभींनी मुठीच्या तळाशी बोट नेलं. मुठीला तीन खिळे. दोन पितळेचे, तिसरा तांब्याचा, ढबू पैसा ठोकून केलेला. लोखंडाला नजर लागू नये म्हणून सासरे प्रत्येक चाकूला तसा एक घालायचे. टिंबं कुणीही मारील, म्हणून सुलेमानभाईंनी तांब्याची खूण जगापासून लपवून ठेवली होती. "दसऱ्याच्या दिशी घरी आले आन् चाकू मांडीवर घिऊन दिवसभर बसले. गावला म्हनले. पन मास्तरास्नी कळू द्यायचं न्हाई, त्ये जिवाला लावून घेतील…"

मला तिथे, सगळ्यांसमोर, रडू आलं. जन्मभर शोधलेली वस्तू मिळाली आणि माणूस ती मिळाली असं तोंडानं म्हणू शकला नाही. सगळ्या बाजाराला जे ओरडून सांगायचं, ते माझ्यासारख्या एका हौशी मास्तराचं मन मोडू नये म्हणून गिळलं, आणि वर मला चहा पाजला.

चाकू घरातच राहू दे म्हणून मी परोपरीनं सांगितलं, पण भाभी ऐकेनात. मरणाऱ्याचा शब्द होता. उठता उठता मी विचारलं, "सुलेमानभाईंच्या वडिलांचं नाव काय हो?" आठ वर्षांत मी हजार प्रश्न विचारले होते, हा कधी विचारला नव्हता. ते नेहमी 'आमचा बा' म्हणायचे, मला तेवढं पुरलं होतं. भाभींनी चाकूखालची मलमल सारखी केली. त्या घरात सून म्हणून आल्यापासून त्यांनी सासऱ्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, हे मला उशिरा उमगलं. मी 'राहू द्या' म्हणणार तोच त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढला, खाली ठेवलेल्या चाकूकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "इमाम."

घरी येऊन वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही. मूठ चांगली साधली होती. त्यावर तीन खिळे, दोन पिवळे आणि तिसरा तांबूस. माझ्याच हातानं, माझ्याच रंगानं, समोर बघून नीट रंगवलेला. सुलेमानभाईंनी हे पान किती वेळा उलटलं असेल! दर खेपेला त्या तांबूस ठिपक्यावर माझा डोळा थांबतो की काय, याची त्यांना धास्ती वाटली असेल. माझा डोळा कधी थांबला नाही. चाकू टेबलावर ठेवला, सवयीनं हात मागे घेतला. मग टाक बुडवला आणि पानाच्या तळाशी, कारागीर या रिकाम्या ओळीत लिहिलं: इमाम शिकलगार, भिंगार. डाव्या हातानं लिहिलं, अक्षर जरा वाकडं आलं.