घोंगड्यावर ओतलेला मुद्देमाल

यवतची ती केस आठवली, की आजही माझे हात आपोआप पाठीमागं जातात.

थंडीचे दिवस होते. मी यवत ठाण्याचा फौजदार होतो. खबरी म्हणाला, "कासुर्डीच्या शेडमधी परदेशी चिपा आल्यात, साहेब. ड्युटी बुडवून." त्या वर्षी यंत्रांच्या अशा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवरच्या आयात शुल्काचे दर नुकतेच बदलले होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या गोष्टीवर छापा घालायला मला कधीच अडचण आली नाही.

शेडचा मालक पस्तिशीतला, पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला. दुधाचं फॅट मोजायची यंत्रं बनवायचा. हाताखाली गावातल्या सहा बायका. महिनाअखेर दूध संघाला यंत्रं दिली नाहीत, तर ऑर्डर रद्द होणार होती. आयातीचे कागद मुंबईच्या एजंटाकडं. मी त्याला चिपांच्या चंदेरी पाकिटांसकट ठाण्यात आणलं.

"साहेब, नव्या दरानं शुल्क भरलंय. त्यापायी दोन आठवडं माल बंदरात अडकला व्हता. पाकिटं तेवढी फोडू नका. हात लागला तर चिपा मरत्यात."

"मरत्यात? जीव हाय व्हय त्यांच्यात?" हवालदार हसला. मीही हसलो.

माझा ठोकताळा होता : जो 'उघडू नका' म्हणतो, त्याचंच आधी उघडावं. शिवाय पंचांसमक्ष नग मोजल्याशिवाय पंचनामा होतो का? एकही चिप घरंगळू नये म्हणून मी लॉकअपमधलं लोकरीचं घोंगडं टेबलावर अंथरलं आणि त्यावर पाकिटं ओतली. स्वतःच्या हुशारीवर फार खूश होतो. पंच म्हणून बसलेल्या आप्पांनी एक चिप चिमटीत धरली. "ह्ये तर गोचिडावाणी दिसतंय की!"

मालकानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी एजंटाचा फॅक्स आला. पाठोपाठ पुण्याहून सीमाशुल्काचे अधिकारी. कागद चोख निघाले. चिपांखालचं घोंगडं बघून ते म्हणाले, "लोकर घासली की वीज तयार होते. तुमच्या बोटांतही असते. एवढीशी पुरते यांना मारायला."

मग मी खबऱ्याला समोर बसवलं. "ड्युटी म्हंजी काय रं?"

त्याला सांगता येईना. तासाभरात फुटला. त्याला पढवून पाठवणारा शिरूरचा दुसरा यंत्रवाला निघाला. शुल्क चुकवलेला माल त्याच्याच गोदामात सापडला. मला वरून शाबासकी आली. मी ती घेतलीही.

परत मिळाल्यावर कासुर्डीच्या चिपा काही तपासतानाच गेल्या, काही यंत्रात बसवल्यावर. नवा माल येईपर्यंत ऑर्डर गेली. सहाही बायका पुन्हा खुरपायला जाऊ लागल्या. नियम पाळणारा माणूस दार उघडं ठेवून बसतो, म्हणून आमच्या हाताला तोच आधी लागतो, एवढं मला त्या केसनं शिकवलं.

त्याआधी, मुद्देमाल परत द्यायचा हुकूम झाला, तेव्हा तो न्यायला मालक एकटाच आला होता. पावतीवर छापलेलं होतं : 'माल सुस्थितीत मिळाला.'

मी विचारलं, "सुस्थितीत खोडू का?"

"खोडलं तर?"

"पुन्हा कोर्टाची तारीख."

"मग ऱ्हाऊ द्या, साहेब." त्यानं सही केली.

खाली माझी सही झाली. नोकरीभर मी लोकांचे खोटे जबाब पकडत आलो. हा एक मी समोर बसून घेतला.