मायनस सहाशे तीस

"फिर गो! आणखी फिर! ट्रकवाल्याची पोर ना तू? मग फिरायची लाज कसली?"

सर ओरडत होते. साखळी गावातल्या आमच्या अकरावी सायन्सच्या वर्गात. आवाज असा की मुळगावच्या शेतातले बगळे उडाले ते थेट पणजीला उतरले असतील. वर्गाच्या मधोमध मी. हात पुढे ताणलेला. हा हात म्हणजे कोनाची बाजू, फळा म्हणजे शून्य. डावीकडे खिडकी, तिथं नव्वद. उजवीकडे दार. मला फिरून दाखवायचं होतं साडेचारशे अंश.

कोटर्मिनल कोन शिकवत होते. फेरे कितीही घ्या, बाजू येऊन थांबते एकाच जागी. मला ते आदल्या दिवशी कळलं नव्हतं. मी उभी राहून तसं सांगितलं. एवढाच गुन्हा. पहिल्या आठवड्यापासून सर म्हणत होते, तू आर्ट्सला जा, खाणीवरच्यांना सायन्स कशाला. आता त्यांना कारण सापडलं होतं.

मी फिरले. एक अख्खा फेरा, वर पाव. थांबले तर समोर दार.

"दार!" सरांनी टाळी पिटली. "बघा, आपल्या जागेवर थांबली! आणि उजवीकडे कशाला फिरलीस गो?"

"सर, प्रदक्षिणा तशीच घालतात."

तोंडातून गेलं आणि वरचा पंखा थांबला. खोटं वाटेल, पण थांबला. वीज गेली असेल, मला काय. सर हळू बोलले. ते ओरडतात तेव्हा नुसता आवाज असतो. हळू बोलतात तेव्हा पायाखाली काहीतरी सरपटतं.

"प्रदक्षिणा? तुमकां भितर कोण घेता गो?"

वर्ग असा हसला की कौलं उडाली. माझ्या बाकावरची मैत्रीणसुद्धा हसली.

खोटं नव्हतं ते. आमच्या गावच्या देवळात आम्ही आत नाही. आमचा फेरा बाहेरून, पटांगणातून. आई पुढं, मी मागं, पायाखाली चिखल. त्यांच्या फेऱ्याबाहेरचा फेरा.

हात अजून दाराकडेच. बाहेर रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात होते, सगळं तांबडं. चार पावलं टाकली असती तर सुटले असते. कायमची.

"जा ना," सर तसेच हळू म्हणाले. "दार उघडंच आसा."

आणि तिथं, त्या हसण्याच्या मधोमध, डोक्यात लख्ख झालं. साडेचारशेतून एक फेरा काढा. तीनशे साठ गेले, नव्वद उरले. म्हणजे खिडकी. डावीकडून फिरलं की कोन अधिक, उजवीकडून उणे. मी उजवीकडून फिरले म्हणून दार आलं. कपाळावर लिहिलंय म्हणून नव्हे! आणि उजवीकडूनही खिडकी गाठता येते. फक्त फिरणं थांबवायचं नाही.

मी फिरले. उजवीकडेच. आणखी अर्धा फेरा. हात खिडकीवर.

"मायनस सहाशे तीस, सर. त्यात दोन फेरे मिळवा, सातशे वीस. नव्वद येतात. तुमच्या साडेचारशेची बाजू पण हीच."



दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं. माझे बाबा म्हणजे भरलेला टिपर करंगळीनं वळवणारा माणूस. घाटात वाघ आडवा आला तर हॉर्न मारून त्याला साइड द्यायला लावतील. ते प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये असे बसले की खुर्चीच त्यांच्यावर बसल्यासारखी वाटावी. सर भिंतीला टेकून उभे.

"पोर उद्धट आहे," सर म्हणाले. हळू. "माफी मागू दे, नाहीतर आर्ट्सला घाला. दोन वर्षं माझ्याच हाताखाली आहे ती. विचार करा."

प्रिन्सिपल खिडकीबाहेर बघत राहिले. बाबा माझ्याकडे बघेनात.

"सॉरी म्हणून टाक गो, बाय," ते जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले. "आपल्याक हयच रवाचा आसा, ह्याच गावात."

"रवतलंय हयच," मी म्हणाले. "सायन्सातच. सॉरी म्हणूचंय नाय."